पेनड्राइव्हवरचा पाहुणा

वडगावात आमच्या घरी दोन माग आहेत. साड्यांच्या काठाची नक्षी मी काढते. कुणी शिकवली न्हाय, बघून बघून आली. हात कापायला लागले तसा चौकटीचा कागद सोडला आणि सुनेचा जुना लॅपटॉप धरला. सगळे काठ त्याच्यातच. आणि एक दिवस तो सुरूच होईना. निळा पडदा यायचा आणि तिथंच अडायचा.

दुकानदार म्हणाला, "मावशी, सगळं पुसून नवीन घालायला लागतंय."

पुसून? माझी रुईफुलं, माझे मोर? उचलला लॅपटॉप आणि आले घरी.

सुनेनं ऑफिसातून एक पेनड्राइव्ह आणला. "आत्ती, ह्याच्यात लिनक्स हाय, कंप्युटर चालवायची दुसरी, फुकटची सिस्टीम. आतलं काय बी न पुसता नुसतं चालवून बघता येतंय."

शेजारची आक्का, माझी थोरली जाऊ, बसलीच होती. "एवढ्याशात अख्खा कंप्युटर मावतोय व्हय? तुझं डोस्कं बी त्यातच ठीव जा, हरवायचं न्हाय."

लिनक्स म्हणजे इंजिनेरांचं काम, असंच मी ऐकलेलं. तरी सुनेला म्हटलं, तू स्वयंपाकघरातनं नुसतं तोंडानं सांग, हात लावायचा न्हाय. पेनड्राइव्ह खोचला, तिनं सांगितलेलं बटण दाबून धरलं. आणि पहिलाच प्रश्न काय, तर भाषा कुठली? यादीत कन्नड होती, खाली मराठी होती. आमच्या ह्या सीमाभागात एक सरकारी कागद मराठीत मिळावा म्हणून किती घसा कोरडा करावा लागतो, आणि हा बाबा मी तोंड उघडायच्या आधी विचारतोय! मी मराठीवर बोट ठेवलं.

पुढं विचारलं, वापरून बघणार की कायमचं बसवणार? मला पटलंच ते. शहाणा पाहुणा असाच असतो. कट्ट्यावर बसतो, बोलावल्याशिवाय स्वयंपाकघरात शिरत न्हाय.

वापरून बघते म्हटलं. लॅपटॉपची डिस्क दिसली. उघडली. काठ! सगळे! रुईफुलाचा उघडला, तर एक चौकट हललेली न्हाय. मी अशी ओरडले की सून हातातलं लाटणं घेऊनच धावत आली.

आधी सगळे काठ दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवले. मग पाहुण्याला म्हटलं, ये आता घरात. कायमचं बसवायचं बटण मीच दाबलं. जेवणं होईस्तोवर तो बसलासुद्धा. त्याच दिवशी नव्या काठाला हात घातला.

दुसऱ्या दिवशी आक्का दारात. पदराखाली काहीतरी चौकोनी.

"पोराचा हाय, कवाचा बंद पडलाय. तुझ्या त्या पाहुण्याला आमच्यात बी पाठीव की गं."

"पाठवते. पण बटण तूच दाबायचं."

"मी? आगं, मला ह्यातलं काय कळतंय!"

दाबलं. भाषांची यादी आली तशी चष्मा पुसून पार खालपर्यंत वाचत गेली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मराठी! हाय की गं, हितं हाय!"