मुद्देमालातला धवला

निवृत्त झाल्यावर कुणी "साहेब, एखादी केस सांगा ना" म्हणालं, की समोरच्याला खून, दरोडा असलं काहीतरी हवं असतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र आधी येतो धामणकर नाक्यावरच्या दुकानातला एक जुना, धुळकट कॉम्प्युटर. लोक हिरमुसतात. हिरमुसू देत.

मोबाईलमध्ये मेमरी कार्ड नुकतीच येऊ लागली होती तेव्हाची ही गोष्ट. मी भिवंडीत सहायक पोलीस निरीक्षक होतो. नाक्यावर शेअर रिक्षांच्या रांगेसमोर टीचभर दुकानं होती आणि बाहेर पाटी, 'येथे गाणी भरून मिळतील'. लूमवरचे कामगार शिफ्ट सुटली की कार्ड देत, आणि चहा पिऊन येईपर्यंत त्यात शंभर गाणी भरून तयार. खोटं कशाला बोलू, माझ्या मोबाईलमधलीही गाणी तिथलीच होती.

एक दिवस आगरी लग्नाच्या आणि हळदीच्या सीडी काढणारा एक लहान कंपनीवाला तक्रार घेऊन आला. घामाघूम, हातात कागदांची पिशवी. "साहेब, वादक, स्टुडिओ, गाणारी माणसं, सगळ्यांचं भागवून मी सीडी काढतो. एक जण विकत घेतो आणि अख्खा तालुका फुकट ऐकतो. मी जगायचं कसं, तुम्हीच सांगा." त्याचं काही चुकत नव्हतं. खबऱ्याने दुकान दाखवलं. मी बनावट गिऱ्हाईक पाठवलं, ते कार्ड भरून परत आलं, आणि दोन पंच घेऊन आम्ही छापा घातला.

दुकानदार चाळिशीचा कोकणी मुसलमान. पिढ्यान्पिढ्या भिवंडीतला. त्याने आरडाओरडा केला नाही की कुणा पुढाऱ्याला फोन लावला नाही. "गाणी भरतो साहेब, कबूल हाय. लिहा." इतका सरळ आरोपी पाहिला की पोलिसाला आधी संशय येतो. मी कॉम्प्युटर उचलायला सांगितला, तेव्हा त्याचा चेहरा पडला. "साहेब, यातला एक फोल्डर तेवढा सोडा. बाकी सगळा न्या."

बस्स. माझे कान टवकारले.

कॉम्प्युटर ठाण्यात आणला. सील करण्याआधी पंचांसमोर फाइली ऐकून यादी करायची होती. त्या फोल्डरचं नाव होतं 'खारबाव'. पहिलीच फाइल लावली आणि एका म्हातारीचा उघडा, खणखणीत आवाज खोलीत भरला. ना ढोलकी, ना बेंजो. आपली गाणी ओळखायला बसवलेला कंपनीवाला ताडकन उठला. "ही तर माझ्या सीडीतली धवलारीण! हाच धवला! वाजप घालायच्या आधीचं रेकॉर्डिंग स्टुडिओतून चोरलंय साहेब!"

धवलारीण म्हणजे आगरी लग्नात विधी होताना धवला गाणारी बाई. मी घाटावरचा, मला तेव्हा एवढंच ठाऊक होतं. स्टुडिओतली चोरी म्हटल्यावर प्रकरण वाढलं. मी दुकानदाराला समोर बसवलं. कुणी दिलं हे? गप्प. स्टुडिओतला माणूस कोण? गप्प. मी टेबलावर हात आपटला, नको ते बोललो. त्याने मान खाली घालून एवढंच म्हटलं, "साब, जो लिखना है, मेरे नाम पे लिखो. दुसऱ्या कुणाला यात आणू नका." माणूस स्वतःसाठी घाबरतो तेव्हा जास्त बोलतो. दुसऱ्यासाठी घाबरला की दातखीळ बसते. हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी रागाच्या भरात सुचलं नाही.

यादी लिहायला आमची एक महिला शिपाई बसली होती. तेविशीची पोर, खारबावजवळच्याच गावातली. एक फाइल ऐकायची, क्रमांक टाकायचा, 'धवला' लिहायचं, पुढची लावायची. मला सगळ्या फाइली सारख्याच वाटत होत्या. दहा-बारा झाल्या असतील. तिचं पेन थांबलं.

"काय गं, शाई संपली का?"

तिचे डोळे भरून आलेले. धवला संपताच तिने फाइल बंद केली आणि म्हणाली, "सर, ही चोरीची न्हायत. धवल्यात नवरीचं नाव घेतात. तिच्या आईबापाचं, घराचं. दर लग्नात नावं बदलतात. सीडीत नुसतंच 'नवरी' म्हटलंय. या सगळ्या फाइलींत वेगवेगळ्या पोरी हायत. सगळ्या आमच्याकडच्या." तिने पदर नसलेल्या युनिफॉर्मच्या बाहीने डोळे पुसले. "आणि आता जी वाजली ना सर, ती मी हाय."

"तुझं लग्न कधी ठरलं?"

"कुठं ठरलंय अजून!"

कंपनीवाला मटकन खाली बसला. मीसुद्धा. चाल एक, आवाज एक, म्हणून आम्ही दोघा शहाण्यांनी चोरी ठरवून टाकली होती. त्या गावांतल्या शेंबड्या पोरानेही ही चूक केली नसती.

दुकानदार मग बोलायला लागला. म्हातारीच्या गळ्यात गाठ निघाली होती. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. गावातल्या पोरींना ती लहानपणापासून सांगत आलेली, "तुझा धवला मीच गानार बरं का." ऑपरेशनआधीचे चार दिवस ती रोज त्याच्या दुकानात येऊन बसली. शटर अर्धं ओढून, मोबाईल तोंडाशी धरून, एकेका पोरीचं नाव घेत गायली. लग्न ठरलेल्यांचे धवले, न ठरलेल्यांचे, परकर नेसून फिरणाऱ्यांचेसुद्धा. आणि त्याने ते जपून ठेवलं.

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" मी खेकसलो.

"साहेब, तिने कंपनीच्या कागदावर अंगठा दिलाय. दुसरीकडं गानार न्हाय म्हणून. तुम्ही तिला उचललं असतं तर? गला कापलेली बाई ठाण्यात कशी आणू देऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून आली. कुणीतरी गावात बातमी नेली होती. काटकुळी बाई, गळ्याभोवती पांढरा रुमाल. आत येऊन उभी राहिली आणि काही न बोलता माझ्यासमोर उजवा अंगठा धरला. ज्या अंगठ्याने गुन्हा केला तो घ्या म्हणत होती. आमचा रायटर जबाबाचा कागद लावून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, "साहेब, काय लिहू?" शिपाई पोरीने पुढे होऊन तो हात आपल्या हातात घेतला आणि म्हातारीने तिच्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडली.

पण कायदा कायदा असतो. त्याच कॉम्प्युटरमध्ये कंपनीची इतर गाणी होती, ती मात्र खरोखर नक्कल केलेली. गुन्हा दाखल झालाच होता. कॉम्प्युटर मुद्देमाल खोलीत जाणार, खटला चालणार किती वर्षं ते देव जाणे, आणि निकालानंतर नकली माल नष्ट. आमची मुद्देमाल खोली मी पाहिली होती. उंदरांनी तिथे तलवारीच्या मुठी कुरतडल्या होत्या. त्या पोरींच्या धवल्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती, आणि आता तो गळाही नव्हता.

मी न्यायालयात अर्ज केला, त्या एका फोल्डरची प्रत काढून बाईंच्या ताब्यात द्यावी म्हणून. कंपनीवाल्याची हरकत आली असती तर सगळं अडलं असतं. अर्जाच्या दिवशी तो आला, तीच कागदांची पिशवी घेऊन. उभा राहून म्हणाला, "माझी हरकत नाही. माझं आहे ते मला द्या, तिचं आहे ते तिला द्या." न्यायाधीशांनी पंचांसमक्ष प्रत काढायला सांगितली. पुढे दुकानदाराला बाकीच्या गाण्यांसाठी दंड झाला. त्याने तो निमूट भरला.

गाण्यांच्या मालकीवर पुढे पेपरांत पुष्कळ वाद वाचले. फुकट वाटणारे चोर की विकणारे लुटारू, वगैरे. मला त्यातलं फारसं कळत नाही. मी एवढंच शिकलो, की माल सील करण्याआधी तो कुणासाठी होता हे विचारावं. पंचनाम्यात त्याला रकाना नसतो. आपण आठवणीने विचारायचं.

दोन वर्षांनी आमच्या शिपाई पोरीचं लग्न झालं. मी बायकोला घेऊन गेलो. मांडवात दुकानदार स्वतः स्पीकरच्या वायरी जोडत होता. पुढच्या रांगेत म्हातारी, गळ्याला नवा रुमाल. विधी सुरू झाले आणि तिचाच आवाज मांडवभर घुमला. पोरीचं नाव आलं तशी नवरी मुंडावळ्यांआड रडू लागली. म्हातारी ओठ हलवत होती, एकही शब्द न चुकता.

धवला संपला. फाइल बंद करायचं दुकानदाराच्या ध्यानात राहिलं नाही. स्पीकरमधून खोकल्याची उबळ ऐकू आली, मग त्याचाच आवाज, "आये, बस कर आता. पानी पी. रगत येतंय." आणि मग तिचा, धापा टाकत, "येऊ दे. अजून पोरी हायत."