भोईरबाईंचा हिमालय

भोईरबाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली, हे गौरवग्रंथात शोभणार नाही असं संपादक मंडळातल्या एकदोघांचं मत पडलं. पण बाईंनीच मला "खरं असेल ते लिही, उगाच आरत्या ओवाळू नकोस" असं बजावलेलं आहे. त्यांच्यापुढे संपादक मंडळाचं काय चालणार?

अंबरनाथच्या आमच्या शाळेत मी चित्रकलेची शिक्षिका म्हणून नुकती रुजू झाले होते. वसुधाबाई भोईर भूगोल शिकवायच्या आणि सगळी शाळा त्यांना वचकून असे. एके दिवशी त्यांनी मला कुंपणाच्या भिंतीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "इथे देवमासा काढायचा. खऱ्या मापाचा." मी म्हटलं, "बाई, भिंत पुरायची नाही." त्या म्हणाल्या, "भिंतीचं मी बघते, तुम्ही माशाचं बघा." भिंत पुरली नाहीच. शेपूट पाण्याच्या टाकीच्या खोलीवर न्यावं लागलं. त्यावरून मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली मी, आणि ती मी व्याजासकट बाईंना ऐकवली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला खिडकीपाशी उभं केलं. मुलं भिंतीला हात लावत माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत चालत होती आणि चालता चालता गप्प होत होती. "आपल्याहून फार मोठं असं काहीतरी माणसाने अधूनमधून बघावं," बाई म्हणाल्या. "नाहीतर तो स्वतःलाच मोठा समजायला लागतो." माझं भांडण तिथेच संपलं.

एवढं बोलणाऱ्या बाईंनी स्वतः मात्र हिमालय पाहिलेला नव्हता. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी तो फळ्यावर काढला, नकाशात रंगवला, परीक्षेत विचारला. जायचं ठरलेलं होतं. बाईंचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि दोघांच्या बोलण्यात दर वर्षी "मे महिन्यात जाऊ" असायचंच. एका मे महिन्यात नणंदेचं लग्न निघालं. एकदा सासूबाई आजारी पडल्या. पुढे बदलापुरात मांजर्लीला घर घेतलं, आणि त्या पावसाळ्यात नदी घरात शिरली. त्यानंतरची सुट्टी आणि साठवलेलं सगळं चिखल उपसण्यात आणि नवी भांडीकुंडी घेण्यात गेलं. "आता निवृत्त झालो की जाऊ, मग कोण अडवतंय," असं भाऊ हसून म्हणायचे. निवृत्त झाल्यावर काही महिन्यांतच भाऊंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं एक-दोन शब्दांवर आलं.

लोकांना वाटतं, बाईंनी ज्येष्ठांना बसल्या जागी दूरचं जग दाखवण्याचं हे जे काम उभं केलं ते समाजसेवा म्हणून. मला त्यांच्या सेवेबद्दल आदरच आहे, पण खरं सांगायचं तर ते सुरू झालं एका बाईच्या हट्टातून. भाऊंची औषधं आणायला त्या उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेल्या होत्या. तिथल्या बाजारात एका सिंधी गृहस्थांनी दुकानात तो मोठा काळा चष्मा ठेवला होता, डोळ्यांवर चढवला की चहूबाजूंनी दुसरंच जग दिसतं तो. पोरं त्यातून झुल्यांवर आणि पाळण्यांवर बसून किंचाळत होती. बाई रांगेत उभ्या राहिल्या. दुकानदार म्हणाले, "अम्मा, ये बच्चों का है, चक्कर आ जायेगा." बाई म्हणाल्या, "चक्कर आली तर बसेन. यात हिमालय लागतो का?" दूरदर्शनवर एखादा कार्यक्रम लागतो तसं त्यांनी विचारलं. ते म्हणाले, "लगता है अम्मा, सब लगता है." बाईंनी तो पाहिला. काढल्यावर बराच वेळ त्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिल्या, आणि त्या भल्या माणसाने त्यांना पाणी देऊन गिऱ्हाइकांना बाजूने जायला सांगितलं.

तसाच एक चष्मा विकत घेऊन बाई घरी आल्या. बाईंनी भाऊंच्या डोळ्यांवर तो बसवला आणि त्यांनी डाव्या हाताने तो ओढून काढला. पुन्हा बसवला, पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी तो बाईंच्या पुढे धरून ते म्हणाले, "तू." बाईंना आधी वाटलं, त्यांना भीती वाटतेय. मग लक्षात आलं, माणूस एकट्याने बघायला तयार नाही. जायचं दोघांचं ठरलं होतं. तेव्हा बाईंनी दुसरा चष्मा घेतला. मी एकदा सहज भेटायला गेले तेव्हा दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसून चष्मे लावत होती. बाई एक, दोन, तीन म्हणायच्या आणि दोघांनी आपापलं बटण दाबायचं. भाऊंचं बटण बाईंनी दाबलेलं त्यांना चालत नसे, आणि डावा हात सावकाश चालायचा. त्यामुळे शिखरावर ऊन पडायचं ते बाईंना आधी दिसायचं. त्या तोंडातून अक्षर काढत नसत. भाऊंनी त्यांचा हात घट्ट दाबला की मग म्हणायच्या, "आलं ना?" मी दारातूनच परत फिरले. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसांकडे असं बघत राहणं बरं नव्हे.

त्यानंतर बदलापुरात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दुपारी ज्येष्ठांसाठी हा कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीला त्याचा पार फज्जा उडाला. पहिल्या दिवशी आमच्या शेजारच्या काशीआजी खुर्चीत बसल्या. त्या इथल्याच, आगरी घरातल्या, माहेर खाडीकाठचं, मिठागराचं. चष्मा चढवला, बर्फाचा डोंगर सुरू केला. आजींनी पदर डोक्यावर घेतला, पायांतल्या चपला सरकवल्या, हात जोडले. शेवटपर्यंत तशाच बसून राहिल्या. काढल्यावर विचारलं तर म्हणाल्या, "मना काय दिसला नाय." आम्ही यंत्र तपासलं, तारा तपासल्या. दुसऱ्या आजोबांचं तेच. तिसऱ्यांचंही तेच. मी वैतागून म्हटलं, बाई, यंत्र बिघडलंय, परत करा. बाईंनी मात्र आजींना विचारलं, "आजी, डोळे उघडे होते ना?" आजी म्हणाल्या, "गो बाय, देवाचे म्होरं डोले उघरं कसं ठेवाचं?"

दुसरं कोणी असतं तर आजींना समजावलं असतं, की आजी, हा देव नाही, चित्र आहे. बाईंनी समजावलं नाही. त्यांनी वेळापत्रकच बदललं. आजही आमच्याकडे चष्मा चढवल्यावर पहिली काही मिनिटं नमस्काराची असतात. ज्याला डोळे मिटायचे त्याने मिटावेत. बाई शेजारी बसून हात धरतात आणि थांबतात. नमस्कार झाला की डोंगर सुरुवातीपासून पुन्हा लावतात.

बाईंचा दुसरा नियम मला बरेच दिवस निष्ठुर वाटायचा. जो तो येऊन आपलं गाव मागायचा. कोणाला साताऱ्याकडची शेतं हवी, कोणाला कोकणातलं आगर. बाई गाव दाखवत नसत. "गाव बघून तुम्ही नुसते रडाल," त्या स्पष्ट सांगायच्या. "कधी न पाहिलेलं बघा." काशीआजींनी माहेरचं मिठागर मागितलं. तिथे आता इमारती उभ्या आहेत, ते बाईंना ठाऊक होतं. त्यांनी आजींना ताऱ्यांनी भरलेलं आभाळ लावून दिलं, दिव्यांचा उजेड पोचत नाही अशा वाळवंटातलं. आजी मान वर करून बघत राहिल्या, इतक्या की मला त्यांची मान धरावी लागली. मग म्हणाल्या, "आमचे मिठागरावं रातचा असाच आभाल होता. मना वाटला, तो पन गेला." त्या दिवशी आजी रडल्या नाहीत. चालत घरी गेल्या आणि सुनेला घेऊन दुसऱ्या दिवशी परत आल्या. बाईंचा नियम मला तेव्हा पटला.

बाई प्रेमळ आहेत असं सगळेच लिहितील. त्या फटकळही आहेत, हट्टी आहेत, आणि उपकार करताना तर चक्क खोटं बोलतात. माझ्या यजमानांची नोकरी गेली होती तेव्हा मी मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहायचे. बाई डबा घेऊन यायच्या आणि चिडून म्हणायच्या, "आज पुन्हा भाकऱ्या जास्त झाल्या. या वयात मला अंदाज येईना." यजमानांना काम लागलं त्या आठवड्यापासून बाईंचा अंदाज अचूक झाला.

भाऊ गेले त्याला आता दोन वर्षं होतील. दिवसकार्य आटोपताच बाईंनी हॉल उघडला. खुर्च्या मांडल्या, चष्मे पुसले, येणाऱ्यांचे हात धरले. पण माझ्या एक गोष्ट लक्षात आली. नवं काही आलं की त्या मला बघायला लावतात. भाऊ गेल्यापासून बाईंनी स्वतः चष्मा चढवलेला नाही. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, एकदा बघा ना." त्या म्हणाल्या, "माझं बघून झालंय." आणि पुढच्या आजोबांकडे वळल्या.

बाईंच्या पंच्याहत्तरीला शाल-श्रीफळ देऊन भागणार नाही असं आम्हा जुन्या सहकाऱ्यांचं ठरलं. त्यांना खऱ्या हिमालयात न्यायचं, गाडी दारापर्यंत जाते अशा ठिकाणी. बाईंनी साफ नकार दिला. गुडघे सांगितले, थंडी सांगितली, हॉल कोण बघणार ते सांगितलं. मी एकेकाचं उत्तर देत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि तो त्यांनी पाहिला त्यापेक्षा लहान निघाला तर? त्यांना तेवढाच मिळाला गं. तोच खरा राहू दे."

मी बाईंचा हात धरून बसले. काशीआजी जवळच चहा पीत होत्या. त्या म्हणाल्या, "बाय, तू आमाना सगलीकरं नेलास. भाऊला पन नेलास. तुना कोन न्यायचा? जा आनी बघून ये. ल्हान निंगाला तं आमाना नको सांगू." बाई हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात सकाळीच त्यांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हणाल्या, "मे महिन्याची तिकिटं काढ. पहाटे मला उठवायचं, बाहेर आणून उभं करायचं आणि तुम्ही सगळ्यांनी मागे राहायचं. मी मोठ्याने बोलेन, तर काय झालं म्हणून धावत येऊ नका. मी यांच्याशी बोलत असेन."

बाई, आम्ही मागे राहू. कोणी पुढे येणार नाही, मी बघते. तुमचे गुडघे टिकोत, नजर टिको, जिभेची धारही टिको, आणि शंभरीपर्यंतचे सगळे मे महिने तुमचे असोत. आणि त्या पहाटे तुमच्यासमोर उभा राहील तो डोंगर इतका मोठा निघो, की भाऊंना सगळं सांगता सांगता तुम्हाला दुपार होवो.