मेट्रनकाकू गप्प बसायला शिकल्या

मेट्रनकाकूंनी कोणाचं वाक्य पूर्ण होऊ दिलंय, असं अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये तरी कोणी पाहिलेलं नव्हतं. आपण "काकू, माझं डोकं..." एवढं म्हणेपर्यंत त्या दुखणं, कारण आणि उपाय सांगून मोकळ्या झालेल्या असत. एकदा मॉलमध्ये मी गाडी कुठे लावली तेच विसरले म्हणून त्यांना फोन केला, तर अर्ध्या तासाने मी त्यांच्या स्वयंपाकघरात आल्याचा काढा पीत बसले होते. मला घ्यायला काका आले होते. गाडी दुसऱ्या दिवशी सापडली.

खरं म्हणजे त्या मेट्रन कधीच नव्हत्या. आधी मिरजेला आणि मग वीसेक वर्षं इथे, त्या वॉर्डातल्या साध्या नर्स. पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाची रांग त्या ज्या आवाजात लावायच्या, तो ऐकून कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. काका मात्र अतिशय मितभाषी. या घरात बोलायचं कोणी, हे बहुधा लग्नाच्या याद्या करतानाच ठरलं असावं.

अशा बाईंनी चोपन्नाव्या वर्षी जाहीर केलं, की नोकरी सांभाळून आपण ऑनलाइन मास्टर्स करणार आणि मानसिक आजारांची नर्स प्रॅक्टिशनर होणार. म्हणजे पेशंटला तपासून औषधं लिहून देणारी नर्स. आम्ही सगळे तोंडावर हात ठेवून हसलो. "काकू, त्यात पेशंटचं ऐकावं लागतं हं," मी म्हटलं. "मग? मी काय ऐकत नाही? मृणाल, तुला म्हणून सांगते..." असं म्हणून त्यांनी मला पंधरा मिनिटं ऐकवलं.

यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, मेथी निवडताना. ओळखीतली एक मुलगी त्यांना म्हणाली होती, की काकू, सकाळी उठावंसंच वाटत नाही. काकूंनी तिला लगेच व्हिटॅमिन डी घ्यायला आणि रोज चालायला जायला सांगितलं. महिन्याभरात तिला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. ती वाचली, बरी होऊन भारतात परत गेली. "ती पुढे काहीतरी बोलणार होती गं," काकू म्हणाल्या. "मी बोलूच दिलं नाही." एवढं बोलून त्यांनी निवडलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली.

ऑनलाइन शिक्षणाने त्यांना बरंच छळलं आणि त्यांनीही उसनं ठेवलं नाही. दर आठवड्याला एक लेख लिहायचा आणि वर्गातल्या दोघांच्या लेखांना अभ्यासपूर्ण उत्तरं द्यायची, असा नियम. काकूंनी ओहायोतल्या एका वर्गमित्राला लिहिलं, "फार छान लिहिलंस. फोटोत डोळे ओढल्यासारखे वाटतात, झोप घेत जा." शून्य मार्क. शेरा होता, संदर्भ दिलेला नाही. "संदर्भ कसला मागतात? तीस वर्षं वॉर्डात उभी आहे, मीच संदर्भ!" त्या आठवडाभर धुमसत होत्या.

परीक्षा घरीच, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं माणूस येता कामा नये. बरोबर चार वाजता काका चहाचा कप घेऊन आत शिरले, कारण तीस वर्षं ते चार वाजता चहा नेऊन देत आलेत. कॉम्प्युटरने ताबडतोब तक्रार नोंदवली. काकूंना लेखी खुलासा द्यावा लागला, की सदर गृहस्थ माझे पती असून त्यांना या विषयातलं काहीही कळत नाही. काकांनीही त्याखाली निमूट सही केली.

पण खरी धोंड पुढेच होती. ओळखीच्या कोणाला तरी पेशंट करून चाळीस मिनिटांची मुलाखत घ्यायची आणि तिचा व्हिडिओ पाठवायचा. पेशंट मी. विद्यापीठाने दिलेल्या कागदावरची झोप न येणारी, कशात मन न रमणारी बाई मला व्हायचं होतं. काकूंनी "झोप कशी आहे?" असं इंग्रजीत विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत "नसेलच, फोन बघत बसत असशील" हेही इंग्रजीत सांगून टाकलं. विसाव्या मिनिटाला माझ्यासमोर पोह्यांची बशी आली. प्रोफेसरबाईंनी नापास करून लिहिलं, की पेशंट एकूण सहा मिनिटं बोलली, त्यातली दोन तोंडात घास असताना. आणखी एक संधी होती. तीही गेली असती तर काकू अभ्यासक्रमातून बाहेर.

दुसऱ्या वेळी, शनिवारी दुपारी, त्या माझ्यासमोर बसल्या त्या दाढेखाली लवंग धरून. तोंड उघडलं की झोंबते, म्हणून आठवण राहते, असा त्यांचा शोध. प्रश्न विचारायचा आणि लवंग चावून गप्प राहायचं. मी कागदावरची उत्तरं दिली. ती संपली. काकू गप्पच. त्या शांततेत काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलले, आणि जे बोलले ते कागदावर नव्हतं.

त्याच्या आठ महिने आधी माझे बाबा नागपूरला वारले होते. इथून बाहेर पडले असते तर परत यायला लागणारा व्हिसाचा शिक्का अडकून नोकरी गेली असती, म्हणून मी गेले नाही. व्हिडिओ कॉलवर सगळं पाहिलं, तोंड धुतलं आणि ऑफिसच्या मीटिंगला बसले. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बाबा गेले एवढंच लोकांना माहीत होतं. बोलताना मी किती रडले ते मला आठवत नाही. काकू एकदाच म्हणाल्या, "आणि मग?" आणि थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या थांबल्या होत्या.

शेवटी त्यांनी पुढे होऊन रेकॉर्डिंग बंद केलं आणि माझ्यादेखत पुसून टाकलं. मी ओरडलेच. "काकू, अहो तुम्ही पास झाला असतात! संध्याकाळी सहाची मुदत आहे!"

"ही तुझी गोष्ट आहे बाळा, माझा होमवर्क नाही." मग म्हणाल्या, "आणि मी तुझी काकू, तुझ्यावर उपचार नाही करू शकत. सोमवारी तुला एक चांगली थेरपिस्ट शोधून देते." पुढे खरोखरच शोधून दिली.

त्या संध्याकाळी पेशंट म्हणून बसवायला घरात एकच माणूस उरलं होतं. मी बाहेर डायनिंग टेबलाशी बसले. बंद दारामागून काकांचा आवाज येत होता, आणि तो थांबतच नव्हता. चाळीसची पंचेचाळीस मिनिटं झाली. ते काय बोलले, मला माहीत नाही. बाहेर आल्यावर काकूंचे डोळे लाल होते, आणि काका चार वाजता राहून गेलेला चहा टाकायला गेले. प्रोफेसरबाईंनी पास केलं. शेवटी शेरा होता, पेशंटचा अभिनय अतिशय खरा वाटला.

काकू आता इथे नाहीत. या राज्याच्या डोंगराळ भागात एका दवाखान्यात मानसिक आजारांच्या पेशंटना बघायला कोणीच नव्हतं, तिथे त्या आणि काका राहायला गेले. मंडळाच्या गणपतीत आता रांगेत गोंधळ असतो. मला त्यांची फार आठवण येते.

मागच्या रविवारी मी आईला व्हिडिओ कॉलवर विचारलं, की बाबांच्या शेवटच्या दिवशी नक्की काय झालं. एरवी औषधं आणि हवापाणी यापलीकडे आम्ही जात नाही. विचारलं आणि गप्प राहिले. आई बराच वेळ पदराशी चाळा करत होती. मग म्हणाली, "सकाळी विचारत होते, मृणालचा फोन झाला का. मी म्हटलं, झाला, मजेत आहे. खोटंच सांगितलं. तेव्हापासून मनात आहे गं." त्यानंतर आम्ही दोघी पुष्कळ बोललो.

कॉल संपल्यावर मी काकूंना फोन लावला आणि भडाभडा सगळं सांगितलं. पलीकडून काही आवाजच येईना. मला वाटलं, डोंगरात रेंज गेली.

"काकू, आहात ना?"

"आहे," काकू म्हणाल्या. "बोल."