सुनंदाचे नऊ कंद

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, पण पश्चात्ताप झालाय म्हणून नाही — तो झालेलाच नाही, त्याला काय करू?

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सुनंदा माझ्या वरच्या मजल्यावर राहायची. तिच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये मातीच्या वाडग्यांत एक अळू होतं. खायचं नव्हे — रानातलं, इवलंसं. पान रुपयाच्या नाण्याएवढं, आणि पावसाळ्यात नखाएवढं जांभळं फूल, नागाच्या फण्यासारखं वाकलेलं. कणकवलीकडे तिच्या माहेरी घरामागच्या कातळावर ते उगवायचं. रस्त्यासाठी तो कातळ फोडला. उरलं ते तिच्याकडे.

माझ्याकडे काय नव्हतं? गुलाब, ऑर्किड, सगळं. पण बायका बघायला जायच्या तिच्याकडे. आणि ती माझे गुलाब बघून म्हणायची, "छान आहेत गं. नर्सरीतले ना?" एवढंच — पण दर वेळी. खुपणार नाही?

जानेवारीत ती मुलीच्या बाळंतपणाला नाशिकला गेली, चार महिने. पावसाळा सरला की त्या अळूची पानं झडतात, वाडग्यात नुसती माती दिसते. कंद आत झोपलेले असतात. "पाणी अजिबात घालू नकोस हं," किल्ली देताना ती म्हणाली. नाही घातलं. मी — कंदच काढून घेतले. नऊ होते, वाटाण्याएवढे. माती पुन्हा नीट दाबून ठेवली.

जून गेला, तिच्याकडे काहीच उगवलं नाही. जुलैत तिने मला वर बोलावलं आणि माझ्यासमोर बोटांनी माती उकरली. "कुजले गं. जाताना मीच जास्त पाणी घातलं असणार. आईच्या घरचं तेवढंच होतं माझ्याकडे." रडायला लागली.

मी म्हटलं, "होतं असं. पण तुझ्या हातून व्हायला नको होतं."

कंद चोरले ते एक — पण हे वाक्य? हे मी ठरवून बोलले.

त्यानंतर तिने एकही झाड लावलं नाही. पुढे बोरिवलीला राहायला गेली. माझ्या बेडरूमच्या खिडकीत नऊ कंदांचे साठ झाले. कबुतरांपासून राखले, उन्हापासून जपले — मी. पवईच्या, सांताक्रूझच्या मैत्रिणींना दिले, "माझ्या आजोळचे" म्हणून.

गेल्या ऑगस्टमध्ये सुनंदा न कळवता आली. हात धुवायला म्हणून आत गेली, ती बाहेरच येईना. जाऊन बघते तर खिडकीपाशी उभी. सगळ्यांना फुलं आली होती.

"कुठून आणलंस गं हे?"

"आजोळहून."

"तुझं आजोळ सोलापूरला ना?"

तिने बोटाने एक फूल जरासं वर उचललं. मग हळूच म्हणाली, "एक देशील मला?"

ओळखलं होतं तिने. तरी भांडली नाही — मागितलं. साठातला एक दिला असता तर माझं काय गेलं असतं? काहीच नाही.

मी "नाही" म्हटलं.