दुप्पट पसरलेला ठिपका

आमच्या वन्सं हट्टी आहेत हे लग्नाआधीच कळलं होतं. किती, ते मी त्यांच्या कारखान्यात दाबयंत्रावर कामाला लागले तेव्हा कळलं. त्या भिंगांची रचना करतात. दोन प्लास्टिकं कमी-जास्त प्रमाणात मिसळून पातळ चकत्या करायच्या. प्रत्येक चकती प्रकाश थोडा वेगळा वळवते. त्या क्रमाने रचून, तापवून साच्यात दाबल्या की एकजीव भिंग होतं आणि दोन-तीन भिंगांचं काम एकटं करतं. निदान वन्संचं गणित तसं म्हणायचं.

भिंग मात्र ऐकत नव्हतं. कधी थरांत बुडबुडे, कधी तडे. शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, "ही शेवटची चाचणी. नाही जमलं तर दाबयंत्र बटणांच्या विभागाला देतो."

त्या दिवशी वन्संनी कुणालाच चकत्यांना हात लावू दिला नाही. स्वतः पुसल्या, स्वतः रचल्या. मी दाबलं. बुडबुडा नाही, तडा नाही. पण पडद्यावर प्रकाशाचा ठिपका पाडला, तर तो साध्या भिंगापेक्षाही पसरला. साहेबांनी यंत्र सोडवायला मिस्त्रीला बोलावलं. मला रडूच आलं.

वन्सं पट्टी घेऊन ठिपका मोजत बसल्या.

"वहिनी, साध्या भिंगाच्या बरोबर दुप्पट आहे."

"मग आनंदच आहे."

"अहो, गणित चुकलं असतं तर कसाही पसरला असता. हा जेवढा आवळायचा, तेवढाच फाकलाय. थर उलटे लागलेत."

गठ्ठ्यातली वरची चकती आधी पुसून खाली ठेवली, तिच्यावर दुसरी, असं करत सगळा क्रमच उलटला होता. रोजचा पुसणारा शेवटी गठ्ठा पालथा करतो. वन्संनी त्याला जवळ येऊ दिलं तर ना. अति तेथे माती. भिंगाची एक बाजू साच्यात फुगीर झालेली, त्यामुळे आता ते उलटं बसवूनही उपयोग नव्हता.

मिस्त्री पाना घेऊन आला तेव्हा वन्सं यंत्राला पाठ टेकून उभ्या होत्या.

"साहेब, अजून एकदा."

"आणि पुन्हा बिघडलं तर?"

"तर पहिला नट मी सोडवीन."

साहेबांनी मान हलवली. या वेळी वन्संनी चकत्या पुसणाऱ्याच्या हाती दिल्या. ते त्यांना किती जड गेलं, मी पाहिलं. मी दाबलं, भिंग गार झालं. मग पडद्यावर ठिपका पडला, टाचणीच्या टोकाएवढा.

साहेबांनी मिस्त्रीला हाताने थांबवलं. मिस्त्रीने विचारलं, "मग मी काय करू?"

"हा नट कधीचा ढिला आहे," वन्सं म्हणाल्या. "तेवढा घट्ट करून जा."