बंगलेकाकांची वामकुक्षी

सिंगापूरला कुणी नवीन उतरला की बंगलेकाका त्याला आधी एका घराच्या खाली वाकायला लावत. समुद्र, बागा, दुकानं नंतर. बेडोकच्या पलीकडे नारळाच्या जुन्या बागेतला एक लाकडी बंगला उरला होता, विटांच्या कमरेएवढ्या खांबांवर उभा. "वाक, वाक. खालून वारा जातोय बघ. हा घराचा पंखा," म्हणत काका स्वतःच आत रांगत जात आणि पँटच्या गुडघ्यांची वाट लावून घेत. त्यावर काकू काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नोकरी बँकेत, कॉम्प्युटरवर. जीव मात्र त्या बंगल्यात. पूर्वी ईस्ट कोस्टचा समुद्र बागेच्या कुंपणाला लागून होता, मग भराव घालून त्याला लांब ढकललं, हे काका अशा रागानं सांगत की जणू कुंपण त्यांचंच. रुंद व्हरांडा, उंच झडपा, धूर नको म्हणून वेगळं बांधलेलं स्वयंपाकघर, सगळं कौतुकानं दाखवत. "बांधणाऱ्याला इथला उकाडा कळला होता रे," असं म्हणत.

मालकीण म्हणजे बागवाल्याची मुलगी, एक म्हातारी चिनी बाई. सगळे तिला आँटी म्हणत. तिनं बंगला हॉटेलला भाड्यानं द्यायचं ठरवलं. कंत्राटदार व्हरांड्याला काचा लावणार, खालची पोकळी बुजवणार, एसी बसवणार. काकांच्या घशाखाली घास उतरेना. तिला समजवायला त्यांनी एका रविवारची दुपार मागून घेतली आणि भाषणाची तालीम सुरू केली. ऐकायला अर्थातच मी, त्यांनी घराखाली वाकवलेल्या नवख्यांपैकी एक.

त्या रविवारी आम्ही लवकर पोचलो. काकूंनी दिलेला मसालेभात आणि दही झाल्यावर काका "जरा पाठ टेकतो" म्हणून व्हरांड्याच्या फळ्यांवर डाव्या कुशीला आडवे झाले. आँटी आणि कंत्राटदार आले तेव्हा ते मस्त घोरत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी त्यांना हलवायला गेलो, तर आँटीनं हातानंच थांबवलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि काकांच्या कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. "माझे वडील इथेच झोपायचे," ती म्हणाली. मग कंत्राटदाराकडे वळून, तिथल्या लोकांसारखं बोलण्याला 'लाह' जोडत म्हणाली, "काचा नकोत लाह. खालचंही बुजवू नकोस."

तेवढ्यात काका उठले, चष्मा चाचपला आणि भाषण सुरू केलं. अख्खं. कंत्राटदार मध्ये बोलणार, तोच आँटीनं डोळ्यांनी त्याला गप्प केलं आणि काकांच्या प्रत्येक मुद्द्याला मान डोलावली.

काका गेल्याला आता बरीच वर्षं झाली. फार आठवण येते. शेवटपर्यंत सांगत, "नुसतं बोलून घर वाचवलं मी." मी दर वेळी म्हणायचो, "काय बोललात काका त्या दिवशी!" खोटं कशाला बोलू, भाषण चांगलंच झालं होतं.