भिंतीवरचं माझं नाव

लग्नानंतर माझी फार्मसीची पदवी माझ्या धाकट्या दिराच्या कामी आली. त्याला काटोलला औषधांचं दुकान टाकायचं होतं, आणि फार्मासिस्टशिवाय परवाना मिळत नाही. माझं सर्टिफिकेट फ्रेम होऊन त्याच्या भिंतीवर लागलं. मी नागपुरात पोळ्या लाटत राहिले. आमच्याकडे हे इतकं सर्रास चालतं, की दसऱ्याला दीर त्या फ्रेमला झेंडूचा हार घालायचा आणि मला त्याचं कौतुकही वाटायचं. एवढी मी शहाणी!

चार वर्षांनी दुकानातल्या माणसानं एका आजींना रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट ताकदीच्या दिल्या. आजी चक्कर येऊन पडल्या, हात मोडला. त्यांच्या मुलानं राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे तक्रार केली आणि नोटीस माझ्या नावानं आली. नेमकी त्याच महिन्यात मला एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती, लग्नानंतरची पहिली. नोंदणी गेली की नोकरीही जाणार होती.

सुनावणी नागपुरातच होती.

"वहिनी, तुम्ही फक्त म्हणजा का मी तवा जेवाले गेलती," दीर वाटेत मला पढवत होता. "सारेच तसं सांगतात. ताकीद देऊन सोडून देतात."

"अन् आजीचा हात?"

तो मोबाईलमध्ये पाहू लागला. मला असा संताप आला! त्याचा आला, त्याहून जास्त माझा स्वतःचा.

समितीनं विचारलं, "त्या वेळी तुम्ही दुकानात होता?"

"नव्हते. त्या दिवशीच काय, कोणत्याच दिवशी नव्हते. चार वर्षांत मी तिथं एकही गोळी दिलेली नाही."

दिरानं कपाळाला हात लावला.

आम्हाला थोडा वेळ बाहेर बसवलं, मग निर्णय सांगितला. नोंदणी वर्षभरासाठी निलंबित.

"अपील करू, होते सगळं बराबर," दारातून बाहेर पडता पडताच दीर म्हणाला.

त्या आजी बाहेर बाकावर बसल्या होत्या, हात अजून गळ्यात अडकवलेला. मी जवळ जाऊन माफी मागितली. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तूच का वं ते? लेकानं भिंतीवरचं तुयं नाव वाचून दाखवलं होतं. म्हटलं, बाईमाणूस हाये, नीट पाहून देत असन. म्हणून जवळचं दुकान सोडून तिथंच जात होती मी."

मी अपील केलं नाही.